कोपिल आत्या आणि लाल पानांची हद्द

कोपिल आत्याचा कुणावर विश्वास नव्हता, आणि यात तिनं कधी आपपरभाव केला नाही. चुलीच्या राखेतून रताळं काढलं की पहिला तुकडा ती कुत्र्याला टाकायची. कुत्रं खाऊन शेपूट हलवायला लागलं, की मग स्वतः तोंडात घालायची. रताळं तिनंच लावलेलं, तिनंच खणलेलं, तिनंच भाजलेलं. मी एकदा वैतागून म्हटलं, "आत्या, निदान स्वतःवर तरी विश्वास ठेव की!"

"भाजताना मध्ये मी पाठ फिरवली होती," ती म्हणाली.

ही माझ्या बापाची थोरली बहीण. ठेंगणी, रुंद खांद्यांची, कपाळावर बिलूमच्या पट्ट्याचा कायमचा वळ. बिलूम म्हणजे आमची विणलेली जाळीची पिशवी. बाई तिचा पट्टा डोक्याला अडकवते आणि रताळी, लाकडं, पोर, सगळं पाठीवर नेते. आत्याच्या बिलूममध्ये काय असायचं हे तिच्या नवऱ्यालाही कधी कळलं नाही. नवरा, पुंग, सरळ माणूस होता. खोकून खोकून गेला. आत्याला मुलगा नव्हता. दोन मुली, दोघीही डोंगरापलीकडे दिलेल्या.

आमच्याकडे जमीन कुळाची, आणि कुळ पुरुषांचं. बाई सासरच्या जमिनीवर राबते, डुकरं वाढवते, सगळ्यांची पोटं भरते. पण नवरा गेला आणि मुलगा नसला, तर कुळ "राहा" म्हणेल तोवरच तिनं राहायचं. "जा" म्हटलं की बिलूम उचलून माहेरी. आत्याला जायचं नव्हतं. झोपडीपासून खालच्या झऱ्यापर्यंतची पट्टी तिनं आणि पुंगनं गवत जाळून, दगड वेचून उभी केली होती. वर कॉफीची झाडं, मध्ये रताळ्यांचे उंचवटे, आणि खाली झऱ्याजवळ पुंग पुरलेला. "मी याच्याच शेजारी आडवी होणार," असं ती सांगायची. प्रेमानं नव्हे, धमकी दिल्यासारखं.

ती पट्टी हवी होती तिच्या धाकट्या दिराला, गोइम्बाला. गोइम्बा दिसायला वाईट असता तर बरं झालं असतं. गोल चेहरा, कायम हसू, चर्चमध्ये पहिल्या रांगेत, आणि पाद्र्याच्या आधी "आमेन". वहिनी भेटली की विचारायचा, "वहिनी, थकलीस गं. माहेरची आठवण येत नाही का तुला?" ऐकणाऱ्याला वाटावं, किती माया! आत्या म्हणायची, "याच्या मायेला दात आहेत."

मी तेव्हा खाली हागेन शहराच्या बाजारात सुपारी विकत होते. वाचायला तिथेच शिकले. आमचे लोक वर्तमानपत्राच्या कागदात तंबाखू वळतात. त्यांनी वळायच्या आधी मी वाचायचे. जमिनीची भांडणं, खोट्या सह्या, झाडं तोडणाऱ्या कंपन्या, सगळं तसंच अर्धंमुर्धं वाचलं आणि बाकीचं कचेरीच्या पायऱ्यांवर उभी राहून शिकले. आम्ही पाचसात बायकांनी एक मंडळ काढलं होतं. काम एकच: विधवेची जमीन कुणी ढापायला लागला की तिथे जाऊन मोठ्यानं ओरडायचं. ओरडण्यात मी चांगली होते. अजून आहे.

म्हणून जेव्हा निरोप आला, "तुझ्या आत्यानं गोऱ्या पाद्र्याला जागा दिली," तेव्हा मी सुपारीचं पोतं शेजारणीच्या गळ्यात टाकलं आणि मिळेल त्या ट्रकच्या मागे चढले. दोन खोरी पलीकडे मी हे सगळं एकदा पाहिलं होतं. तिथे एक जण आला होता, एका हातात बायबल, दुसऱ्या हातात मिठाया. वर्षभर गाणी म्हटली. मग त्याचा मेहुणा आला, त्याच्या मागे करवती आल्या, आणि आता तिथे डोंगर आहे पण डोंगरावर काही नाही.

रस्त्याच्या कडेला बायका भाजी विकायला बसल्या होत्या आणि विषय तोच चालू होता.

"बर्फाचा देश आहे म्हणे त्यांचा. नॉर्वे."

"मग सोडून आले कशाला? आपली जमीन, आपले आईबाप, आपली थडगी सोडून कुणी शहाणा माणूस येतो का?"

"खून केला असणार."

"पाद्र्यानं?"

"आधी खून, मग पाद्री. तसाच क्रम असतो."

"आणि बायको? दोन पोरी? त्यांनी पण खून केला?"

"बायको काय, नवऱ्याबरोबर फरफटत आली असेल. आपण नाही का आलो?"

यावर सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मी विचारलं, "काय काय आणलंय त्यांनी?"

"खोकी. एवढी खोकी की दोन ट्रक. एक पेटी इतकी जड, चौघांनी उचलली. उघडली तर आत बाजा! पायानं दाबायचा. मला तर बंदुका वाटल्या होत्या."

"बंदुका खाली असतील," मी म्हटलं.

आत्याची झोपडी होती तिथेच होती, पण वीसेक पावलं खाली, कॉफीच्या अलीकडे, नवं घर उभं राहिलं होतं. फळ्यांचं, पत्र्याचं, खिडक्यांना लोखंडी जाळ्या. अंगणात एक उंच, लाल मानेचा माणूस पावसाच्या पाण्याची टाकी बसवत होता. हा पाद्री, स्वेरे. दोन पिवळ्या केसांच्या मुली पायरीवर बसलेल्या, त्यांना बाहेरच्या कुणाच्या हातचं काही खायचं नाही अशी ताकीद होती, हे मला पहिल्याच तासात कळलं. एका बाईनं ऊस पुढे केला, थोरलीनं हात मागे बांधून घेतले. त्यांची आई, गुद्रुन, दारातून बघत होती. म्हणजे आम्ही त्यांच्याकडे संशयानं बघत होतो आणि ते आमच्याकडे. निदान हिशेब बरोबरीचा होता.

मी आत्यावर तुटून पडले. "तुला अक्कल आहे का? तुझी स्वतःची जागा धड तुझी नाही, आणि तू पाहुणे बसवतेस? तेही गोरे? तेही मिशनचे?"

आत्या शांतपणे रताळं राखेत फिरवत होती. "मी जागा दिली नाही. राहायला दिलं. कुळाला विचारून दिलं. सगळे हो म्हणाले, दवाखान्याचं कपाट येणार म्हणून. त्यांना जायचं असेल तेव्हा घर मोडून न्यायचं."

"आणि गोइम्बा?"

"तो सगळ्यांत मोठ्यानं हो म्हणाला."

"मग तर नक्कीच काहीतरी आहे!"

"आहेच," आत्या म्हणाली. "पण आधी माझं ऐक. मी एकटी राहते. माझी रताळी रात्रीतून कमी होतात. कॉफीच्या ओळीतलं कुंपण महिन्याला मोडतं आणि गोइम्बाची फाटक्या कानाची डुकरीण आत येते. कुणी मोडलं? वाऱ्यानं मोडलं. आता माझ्या आणि झऱ्याच्या मध्ये गोरा बसलाय. त्याच्याकडे पत्र्याचं छप्पर आहे, बाजा आहे, हागेनच्या पोलिसाशी त्याची ओळख आहे. गोऱ्याच्या अंगणातून डुकरीण हाकायची गोइम्बाची छाती आहे का? बांबूचं कुंपण दोन पावसाळ्यांत कुजतं. हे कुंपण जेवतं, खातं, प्रार्थना करतं. मला फुकट."

ज्यांच्यावर काडीचा विश्वास नाही अशा माणसांना तिनं कुंपण म्हणून आणून रोवलं होतं.

कुंपणावरही ती नजर ठेवून होती. रोज दुपारी पाद्रीणबाईच्या पडवीच्या टोकाला जाऊन बसायची, काहीतरी विणत. आत काय चाललंय ते मला सांगायची. "ते साबण खातात."

"साबण?"

"तपकिरी, चौकोनी साबण. तिच्याकडे एक हत्यार आहे. उलथन्यासारखं, मध्ये चीर. त्यानं ती साबणाचे पातळ काप काढते, एवढे पातळ की पलीकडची बोटं दिसावीत. पावावर ठेवून पोरींना देते. मलाही दिला. मी बिलूममध्ये टाकला, घरी येऊन कुत्र्याला घातला."

"मग?"

"कुत्रं जिवंत आहे. पण कुत्रं काय, साबणही पचवेल."

ते चीज होतं हे मला बऱ्याच नंतर कळलं. त्याच हत्यारानं गुद्रुन रताळ्याचेही तसेच कागदासारखे काप काढायची आणि तेलात तळून पोरींना द्यायची. आत्याला त्याचाही राग. "रताळ्याला असं सोलतात का? असं काय पाप केलंय त्यानं?"

मी हागेनला परतले. कॉफी वेचून झाली, आणि दुसरा निरोप आला. या वेळी आत्याचाच. "लाल पानं लागली. लवकर ये."

लाल पानांचं झुडूप, आम्ही त्याला तांगेत म्हणतो, हे आमच्या अंगात आहे. नाचाच्या दिवशी पुरुष त्याची पानं कमरेला मागे खोचतात. थडग्याला ते लावतात. आणि जमिनीच्या कडेला तांगेतची ओळ लावली, तर ती हद्द. कागद नाही, शिक्का नाही, मोजणीदार नाही. ओळ लागली, कुणी हरकत घेतली नाही, मुळं धरली, की झालं. दुसऱ्याचं तांगेत उपटणं म्हणजे त्याच्या अंगावर जाणं. त्यावरून आमच्याकडे माणसं मेलीत.

मी पोचले तेव्हा पाद्र्याच्या घराच्या कोपऱ्यापासून थेट झऱ्यापर्यंत, आणि झऱ्याला वळसा घालून परत वर, लाल पानांची सुरेख ओळ उभी होती. कोवळी झुडपं, नुकती रोवलेली, मुळाशी माती अजून ओली. झरा आत. पुंगचं थडगं आत.

"बाईनं लावली," आत्या म्हणाली. तिच्या तोंडावरचा रंग गेला होता. एवढ्या वर्षांत मी तो पहिल्यांदा गेलेला पाहिला. "कुळातले पुरुष काल जमले. गोइम्बा बोलला. म्हणाला, वहिनीनं आपली जमीन मिशनला विकली, नाहीतर गोरा हद्द कशाला घालेल? गोऱ्याचं तांगेत उपटावं तर पोलीस येतील, म्हणून ते कुणी उपटू नका. पण विकणारीला ठेवू नका."

"कधी?"

"रविवारी. चर्च सुटलं की सगळे ओळ बघायला येणार. ओळ उभी असली तर मला जायला सांगणार."

"तुझ्या बाजूनं मी बोलते!"

"तू माझ्या माहेरची. तू तोंड उघडलंस तर म्हणतील, बघा, न्यायला आलीच आहे."

ते खरं होतं. माझं ओरडणं कचेरीत चालतं, सासरच्या अंगणात नाही. मग एकच वाट राहिली. ज्यानं लावलं त्यानंच स्वतःच्या हातानं उपटलं तर भांडण नाही, हद्द नाही, काही नाही. आम्ही दोघी पाद्र्याच्या पडवीत गेलो.

पाद्रीणबाई टेबलाशी रताळं घेऊन बसली होती, तेच हत्यार हातात. पाद्री हात पुसत बाहेर आला. आत्या गप्प बसली, मी पिसिनमध्ये, म्हणजे बाजारात सगळे बोलतात त्या भाषेत बोलले. जमेल तितकं नरम बोलले. मला नरम जमत नाही, पण बोलले.

पाद्र्यानं सगळं ऐकून घेतलं. मग त्याची मान आणखी लाल झाली. "कोपिल आई, मला तुमच्याबद्दल आदर आहे. पण येण्याआधी आम्हाला शिकवलंय. या झाडात भूत असतं, पूर्वज असतात, असं इथे मानतात. माझ्या बायकोनं ती झाडं शोभेसाठी लावली. आज मी ती घाबरून उपटली, तर उद्या सगळं गाव म्हणेल, येशूपेक्षा झाड मोठं. ते मी करू शकत नाही."

"यात भुताचा काय संबंध?" माझा आवाज चढला. "हे भूत नाही, हा जमिनीचा दाखला आहे! तू माझ्या आत्याच्या घरावर दाखला ठोकलायस!"

"झाड म्हणजे दाखला नव्हे."

"तुझ्या गावात नसेल! तुझ्या गावात काय करता? बर्फावर रेघ मारता?"

"मांदे," आत्यानं मला दाबलं. मग तिनं मोडक्या पिसिनमध्ये गुद्रुनलाच विचारलं, "बाई, झाडं कुठून आणलीस?"

गुद्रुनला बोलताना शब्द शोधावे लागायचे. "गोइम्बानं दिली. फार भला माणूस. स्वतःच्या अंगणातली फांद्या तोडून आणली. मी म्हटलं, दारापुढे लावते. तो म्हणाला, दारापुढे नको, झऱ्यापर्यंत लाव, छान दिसेल. कुठून कुठपर्यंत लावायची, तो पुढे चालून दाखवला."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. सगळ्यांत मोठ्यानं "हो" म्हणणाऱ्याचं "हो" आता कळलं होतं. कुंपण आत्यानं रोवलं होतं. त्यानं फक्त ते तिच्याच गळ्याभोवती ओढून घेतलं.

"ऐकलंस?" मी पाद्र्याला म्हटलं. "रविवारी तुझ्या बायकोला हेच सगळ्यांपुढे सांगू दे."

"मिशनचा नियम आहे. जमिनीच्या वादात आम्ही पडत नाही."

"पडत नाही? त्यात घर बांधून बसलायस!"

पाद्रीही माणूसच, त्यालाही चिडता येत होतं. "बरं, मला सांगा. ही झाडं वाऱ्यानं पडली तर? डुकरानं उपटली तर? तेव्हा तुमचा कायदा काय म्हणतो? डुकराशी लढाई करता?"

उत्तर आत्यानं दिलं. सावकाश, एकेक शब्द. "वारा कुणाचा नाही. डुकराला मात्र धनी असतो. ज्याचं डुक्कर, त्याची पंचाईत."

गुद्रुनच्या हातातलं हत्यार रताळ्यावर थांबलं. मग पुन्हा चालू लागलं. हे मी तेव्हा पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. मला वाटलं, बोट कापलं असेल.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. देवासाठी नव्हे, नंतरच्या तमाशासाठी. गोइम्बा पहिल्या रांगेत, पांढरा सदरा घालून. आत्या नेहमीप्रमाणे दाराच्या उंबऱ्याशी, भिंतीला पाठ लावून. आत देव आणि बाहेर रस्ता, दोघांवर एकदम नजर. मी तिच्या शेजारी. तिचं बिलूम भरलेलं होतं. तिनं सामान बांधूनच आणलं होतं. मला ते बघवेना.

पाद्र्यानं उपदेशाला विषयही तोच घेतला. "झाड हे झाड आहे," तो म्हणाला. "त्यात भूत नाही, ताकद नाही. देवानं ते शोभेसाठी निर्माण केलं. झाडाला भिणारा माणूस देवाला ओळखत नाही."

"आमेन!" गोइम्बा गरजला. गोऱ्यानं ओळ उपटायची नाही असंच ठरवलंय, हे त्याला यातून कळलं, आणि तो खूश झाला.

तेवढ्यात पाद्रीणबाईची धाकटी, इंगा, एकदम किंचाळली. शांत बसलेली पोर. मी त्याच बाजूला बघत होते, आणि गुद्रुनचा हात पोरीच्या मांडीवरून मागे येताना मला दिसला. "पोट दुखतं तिचं," असं काहीतरी पुटपुटत तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि आमच्या पायांवरून ओलांडून बाहेर पडली. आत्यानं तिला वाट द्यायला गुडघेसुद्धा हलवले नाहीत. नुसती बघत राहिली.

उपदेश लांबला. गुद्रुन परतली तेव्हा शेवटचं गाणं चालू झालं होतं. पोर हसत होती, गालात काहीतरी चघळत. गुद्रुनच्या झग्याचा काठ ओला होता.

मग सगळे निघाले. पुढे गोइम्बा, मागे कुळातले म्हातारे, त्यांच्या मागे तरुण, आणि अंतर ठेवून बायका. पाद्रीही आला, वादात पडायचं नाही म्हणत म्हणत. घराचा कोपरा ओलांडला आणि पुढचे थांबले, मागचे त्यांच्यावर आदळले.

ओळ नव्हती. वरच्या कोपऱ्यापासून झऱ्यापर्यंत जमीन नांगरल्यासारखी उकरलेली. लाल पानं चिखलात, कांड्या मोडलेल्या, मुळं वर. आणि झऱ्याशी, शेवटच्या झुडपावर पाय देऊन, तोंड मातीत खुपसून उभी होती गोइम्बाची फाटक्या कानाची डुकरीण. तिची पिल्लं मागेमागे राहिलेलं हुंगत होती. धन्याला बघून ती खुशीत घुरघुरली.

बायकांमधून एक फिसकन हसली आणि तोंडावर हात ठेवला.

आत्या पुढे झाली. बायका अशा वेळी पुढे होत नाहीत. बिलूमचा पट्टा कपाळावर नीट बसवत ती गोइम्बासमोर उभी राहिली. "दिरा, ही डुकरीण कुणाची?"

गोइम्बानं पांढऱ्या सदऱ्याची बाही खाली ओढली.

"कान फाटलेला आहे. माझ्या कुंपणात अडकून फाटला होता. विसरलास?"

"माझी आहे," गोइम्बा म्हणाला.

"तू सांगितलंस, ही मिशनची हद्द आहे. मी म्हातारी, मला काय कळतं. पण हद्द असेल, तर तुझ्या डुकरिणीनं गोऱ्याची हद्द मोडली. आता ही हद्द मोडल्याची भरपाई कोण देणार? कुळ देणार? का तू?"

म्हातारे गोइम्बाकडे वळले. भरपाई म्हटली की आमच्या म्हाताऱ्यांना लगेच ऐकू येतं. कुळानं भरायची म्हणजे प्रत्येकाच्या दारचं एकेक डुक्कर. एक म्हातारा काठी टेकत म्हणाला, "बोल गोइम्बा. हद्द होती का?"

गोइम्बाचं हसू तिथंच होतं, फक्त त्याखालचा माणूस बदलला होता. हद्द होती म्हणावं, तर भरपाई. नव्हती म्हणावं, तर वहिनीनं जमीन विकली कुठे? त्यानं पाद्र्याकडे पाहिलं, डुकरिणीकडे पाहिलं.

"हद्द कसली," तो म्हणाला. "चार शोभेची झाडं. बाईला हौस."

"मोठ्यानं सांग. मागच्यांना ऐकू आलं नाही," आत्या म्हणाली.

"शोभेची झाडं होती!"

"आमेन," आत्या म्हणाली.

आता बायका उघड हसल्या, आणि तरुणही, आणि शेवटी काठीवाला म्हाताराही. सगळे पांगले. पाद्र्याचे डोळे भरून आले होते. तो मला म्हणाला, "पाहिलंत? आज सगळ्या गावापुढे त्यानं कबूल केलं की झाड हे फक्त झाड आहे. एका उपदेशानं!" मी त्याला काही सांगितलं नाही. काही लोकांना आनंदात राहू द्यावं, ते स्वस्त पडतं.

मी खाली वाकून चिखल पाहत होते. कॉफीच्या ओळीतल्या कुंपणाचे दोन बांबू बाजूला सरकवलेले होते, आणि डुकरं उगाच ओळ धरून उकरत नाहीत. प्रत्येक झुडपाच्या बुंध्याशी काहीतरी पुरलेलं होतं. डुकरांच्या तोंडून सुटलेले चारदोन तुकडे अजून मातीत होते. रताळ्याचे काप. कागदासारखे पातळ, पलीकडची बोटं दिसावीत असे. आमच्या डोंगरात असे काप काढणारं हत्यार एकाच घरात होतं.

मी तुकडा आत्याला दाखवला. तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि बिलूममध्ये टाकला.

"तुला माहीत होतं?"

"मी दाराशी बसते ते कशासाठी?"

"तू तिला सांगितलंस का, असं कर म्हणून?"

"मी? मला तिची भाषा येते का?" मग थोडं चालल्यावर ती म्हणाली, "पडवीत बोललो ते तिनं ऐकलं. बस. नवऱ्यानं ऐकलं तेच, पण तिनं निराळं ऐकलं."

"म्हणजे चांगली बाई आहे," मी म्हटलं, आणि बोलल्याचा मलाच राग आला, कारण असं म्हणायची मला सवय नाही.

आत्या थांबली. "चांगली? अगं, नवऱ्याला कळू न देता, चर्चमधून उठून, पोरीला चिमटा काढून जी बाई एवढं करते, ती उद्या आणखी काय करेल? आजवर मी तिच्यावर अर्धा दिवस नजर ठेवत होते. आता पूर्ण दिवस ठेवावी लागेल."

आणि ठेवली. पाद्री कुटुंब तिथे होतं तोवर आत्या सकाळपासून त्या पडवीत. पुढे पुढे टोकाला नाही, मध्ये. मी गेले की दोघी शेजारी बसलेल्या दिसायच्या, एक विणते आहे, दुसरी काप काढते आहे, बोलणं जवळपास नाहीच. गोइम्बाची डुकरीण कुंपणापाशी आली की दोघी एकदम दगड उचलायच्या. एकदा आत्यानं राखेतलं गरम रताळं मोडून गुद्रुनला दिलं. मुलींना बाहेरचं खाऊ न देणारी ती बाई. मी बघत होते काय करते. तिनं पहिला तुकडा तोडून कुत्र्याला टाकला. कुत्र्यानं खाल्ला. शेपूट हलली. मग तिनं स्वतः तोंडात घातला.

आत्याला राग यायला हवा होता. पण ती मान हलवत मला म्हणाली, "आता हिला थोडी अक्कल आली."

पुढे मुलींच्या शाळेसाठी ते परत गेले. बाजा चर्चला दिला, घर मोडून दवाखान्याला दिलं. मिशनवाल्यांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आताही नाही. कुणी खोकी घेऊन आला की मी अजून ट्रकच्या मागे चढते. आत्या आणखी बरीच वर्षं त्या पट्टीवर राहिली, शेवटपर्यंत कुत्र्याला आधी खायला घालत. गेली तेव्हा कुळातल्या कुणी "हिला माहेरी न्या" असं म्हटलं नाही. झऱ्याजवळ पुंगशेजारी खड्डा खणला, तोही गोइम्बाच्या मुलांनी.

थडग्याला तांगेत हवं होतं. चांगलं तांगेत गोइम्बाच्याच अंगणात. मी गेले, मागितलं. तो म्हातारा झाला होता, पण हसू तेच. त्यानं स्वतः फांद्या तोडून दिल्या आणि काठी टेकत माझ्या मागे यायला निघाला.

"तू बस," मी म्हटलं. "कुठून कुठपर्यंत लावायचं, ते माझं मी बघते."